पूर्ण चौकटीचा कॅमेरा : घ्यावा की न घ्यावा?



व्याख्यानमालेच्या भारदस्त विषयांत आजचा विषय थोडा घरगुती वाटेल. इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीला ‘कॅमेरा बदलावा की नाही’ हा प्रश्न कशाला बसवला, असे कोणी विचारील. परंतु ज्याच्या घरात हा प्रश्न उभा राहतो त्याला तो लहान वाटत नाही. माझ्या ओळखीचा एक तरुण तालुक्याच्या गावी लग्नमुंजींची छायाचित्रे काढून पोट भरतो. वडील नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा हाती आलेल्या पैशांतली काही रक्कम त्यांनी याच्यापुढे ठेवली आणि “तुझ्या धंद्याला काय लागेल ते घे” म्हणाले. हा माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, जो तो म्हणतो फुल-फ्रेम घे. घेतला तर वडिलांचा पैसा संपतो, न घेतला तर मोठी कामे दुसऱ्याकडे जातात. तुम्हीच सांगा.”

मी त्याला तेव्हाच काही सांगितले नाही. कोणती वस्तू चांगली हे सांगणे सोपे असते; ती कोणाला चांगली हे सांगणे कठीण. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे काढावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही ‘पूर्ण चौकट’ म्हणजे काय ते पाहू. जर्मनीत वेट्झलार येथे लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बर्नाक नावाचे यंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा विकार होता आणि फिरण्याचा शौक होता. त्या काळचे जड कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या डोंगरांतून वाहणे त्यांना झेपेना. म्हणून १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा एक चिमुकला कॅमेरा तयार केला. सिनेमाचे एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचे असे. बर्नाक यांनी फिल्म आडवी सरकवली आणि दोन चित्रांची जागा एकाला दिली. अशी २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट जन्मास आली. १९२५ साली हाच कॅमेरा ‘लायका’ या नावाने बाजारात आला आणि पुढे या मापाने जग जिंकले.

यात एक मौज आहे. आज आपण जिला ‘पूर्ण’ म्हणतो ती चौकट जन्मली तेव्हा ‘लहान’ म्हणूनच ओळखली जात होती आणि जर्मन भाषेत तिचे नाव आजही ‘लहान चित्र’ असेच आहे. ‘पूर्ण’ या शब्दाने भारावून जाण्याचे कारण नाही. तो पदवीचा शब्द नव्हे, नुसते माप आहे.

मग ते ‘पूर्ण’ कधी झाले? फिल्मच्या जागी सिलिकॉनचा सेन्सर आला तेव्हा. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापून काढतात आणि त्या चकतीत कोठे ना कोठे दोष असतातच. कापडाच्या ताग्याला चार ठिकाणी भोके असली, तर त्यातून चांगले रुमाल पुष्कळ निघतात, धोतरे थोडीच निघतात. तोच हा न्याय. त्यामुळे मोठा सेन्सर फार महाग पडे. १९९९ साली आलेल्या निकॉनच्या ‘डी वन’ कॅमेऱ्यात सेन्सर सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा होता आणि हेच माप पुढे हौशी कॅमेऱ्यांत रूढ झाले. २००२ साली कॉन्टॅक्स आणि कॅनन यांनी २४ बाय ३६ चे डिजिटल कॅमेरे आणले, २००५ साली कॅननच्या ‘फाइव्ह डी’ने ते हौशी माणसाच्या आटोक्याजवळ आणले, २०१३ साली सोनीच्या ‘ए सेव्हन’ने आतला आरसा काढून टाकून ते हलके केले. सोयीसाठी या दोन मापांना मी मोठी चौकट आणि लहान चौकट म्हणेन.

आता मोठ्या चौकटीने होते काय? पावसात एक परात आणि एक ताटली शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींवर पाऊस सारखाच पडतो, तरी परातीत पाणी जास्त जमते. मोठ्या चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, लहान चौकटीचे सुमारे ३७०. म्हणजे ढोबळ मानाने सव्वादोन पट. तेवढा प्रकाश मोठ्या चौकटीत अधिक जमतो.

याचा परिणाम चित्राच्या स्वच्छतेवर होतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांची संख्या कमीजास्त होत राहते. एखाद्या ठिकाणी सरासरी १०० कण येत असतील, तर साधारण १० कणांची चढउतार होते, म्हणजे शेकडा दहा. १०,००० कण येत असतील तर चढउतार १०० ची, म्हणजे शेकडा एकच. अंधुक उजेडातल्या चित्रावर जो रवा किंवा दाणा पसरलेला दिसतो तो बव्हंशी या चढउतारीचा असतो. सव्वादोन पट प्रकाश मिळाला की चित्र दीडपट स्वच्छ होते. छायाचित्रकाराच्या भाषेत सांगायचे तर लहान चौकटीवर आयएसओ ३२०० ला जेवढा दाणा दिसतो, तेवढा मोठ्या चौकटीवर ६४०० च्या थोडा पुढे दिसतो. एका पायरीहून थोडा अधिक असा हा फायदा आहे. तो खरा आहे आणि त्याला मर्यादाही आहे.

ही मर्यादा नीट समजून घ्या, कारण निर्णयाची किल्ली येथेच आहे. प्रकाश चौकटीपर्यंत येतो तो भिंगाच्या छिद्रातून. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे नेहमीचे १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग ५० च्या आसपास एफ ५.६ एवढेच उघडते. त्याऐवजी ५० मिलिमीटरचे एफ १.८ पर्यंत उघडणारे साधे भिंग घेतले, तर प्रकाश नऊ पटींहून अधिक येतो. चौकट बदलून सव्वादोन पट, भिंग बदलून नऊ पट. आणि किंमत पाहाल तर भिंगाची कॅमेऱ्याच्या मानाने फारच थोडी.

उलट बाजूही पाहा. मोठी चौकट घेतली आणि पैसे सरले म्हणून तिला एफ ४ चे भिंग लावले. शेजाऱ्याने लहान चौकटीला एफ २.८ चे लावले. शेजाऱ्याच्या भिंगाने दुप्पट प्रकाश आत येतो. मोठ्या चौकटीचा जवळजवळ सगळा लाभ तेथेच फिटला. लहान चौकटीसाठी केलेले जुने भिंग मोठ्या चौकटीवर चढवावे, तर काही जातींची भिंगे चढतच नाहीत. चढली तरी चित्राचे कोपरे काळे पडतात, नाही तर कॅमेरा आपणहून मधलाच भाग वापरतो. नवा वाडा बांधून एकाच खोलीत संसार थाटण्यासारखे ते झाले. म्हणून किंमत विचारताना कॅमेऱ्याची एकट्याची विचारू नये, भिंगांसकट विचारावी.

दुसरा फरक चित्राच्या आवाक्याचा. तेच ५० चे भिंग लहान चौकटीवर ७५ सारखे अरुंद पाहते. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून सगळे गोत एका चित्रात घ्यायचे असेल, तर मोठ्या चौकटीची मोकळीक सुखाची वाटते. नवरीच्या मागची गर्दी धूसर करणेही मोठ्या चौकटीवर सोपे जाते. परंतु पक्ष्यांच्या मागे जाणाऱ्याचे गणित उलटे आहे. माझे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. हिवाळ्यात पहाटे उठून भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला जातात. त्यांच्या लहान चौकटीवर ३०० चे भिंग ४५० सारखे काम देते. त्यांनी २४ मेगापिक्सेलची मोठी चौकट घेतली आणि भिंग तेच ठेवले, तर पक्षी पूर्वीएवढा मोठा दिसावा म्हणून चित्र कापावे लागेल आणि हाती जेमतेम ११ मेगापिक्सेल उरतील. ते टाळायचे तर अधिक लांब, अधिक जड, अधिक महाग भिंग घ्यायचे आणि ते चिखलातून वाहायचे. बर्नाक यांनी ज्या ओझ्यातून सुटका करून घेतली तेच पुन्हा खांद्यावर!

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. मोठी चौकट म्हणजे मोठे छापील चित्र, असे पुष्कळांना वाटते. ए-फोर आकाराच्या कागदावर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने उत्तम छपाई करायची तर सुमारे पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. फोर-के दूरदर्शन संचाचा पडदा सव्वाआठ मेगापिक्सेलचा असतो. लहान चौकटीचे आजचे कॅमेरे २४ मेगापिक्सेल सहज देतात. भिंतीवर लावायच्या चित्रासाठी कोणी चौकट बदलू नये.

मग ती कोणी बदलावी? नाट्यस्पर्धांची छायाचित्रे काढणाऱ्याचे उदाहरण घ्या. फ्लॅश लावता येत नाही. नट हालतो आहे, म्हणून शटर मंद करता येत नाही. हाताचा कंप सावरणारी यंत्रणा येथे कामाची नाही, कारण हलतो तो नट आहे, कॅमेरा नव्हे. भिंग पूर्ण उघडून झाले आहे. एवढे सगळे करूनही प्रवेश अंधाराचा आणि चित्रावर दाणाच दाणा. या माणसापुढे दुसरा मार्ग उरलेला नाही. चौकट मोठी करणे हाच त्याचा उपाय, आणि त्याने तो खुशाल करावा.

आता त्या तरुणाकडे वळू. मी त्याला सांगितले, “गेल्या वर्षातली फसलेली शंभर चित्रे काढ आणि प्रत्येकाचे कारण लिही. हात हलला, नेम चुकला, क्षण निसटला, माणूस आड आला, रचना बिघडली, की उजेड अपुरा पडला? सहा ढीग कर.” त्याने केले. सर्वांत मोठा ढीग नेम चुकल्याचा निघाला. हा ढीग कोणत्याही कॅमेऱ्याने आपोआप नाहीसा होत नाही. सरावाने तो उतरतो. अपुऱ्या उजेडाचा ढीगही बराच होता, पण त्यातली जवळजवळ सगळी चित्रे एफ ५.६ वर काढलेली! मी म्हटले, “आधी ५० चे एफ १.८ चे भिंग घे. दोन महिने मुहूर्त कर आणि मग ये.”

दोन महिन्यांनी तो आला. उजेडाचा ढीग पुष्कळ उतरला होता. तरी होमाजवळची चित्रे आणि रात्रीच्या वरातीची चित्रे राहिलीच होती. होमापाशी फ्लॅश टाकावा तर धूर पांढरा उजळतो आणि अग्नीची आभा वधूवरांच्या चेहऱ्यांवरून पुसली जाते. तेथे भिंग पूर्ण उघडून झाले होते. आता त्याचा प्रश्न खरा झाला होता. मग मी म्हटले, “शहरातून मोठ्या चौकटीचा कॅमेरा एका दिवसाच्या भाड्याने आण. एकाच लग्नात दोन्ही वापर, चित्रे घरी शेजारी शेजारी ठेव आणि वडिलांना दाखव. तुला फरक दिसेल. त्यांना दिसतो का ते पाहा, कारण गिऱ्हाइकाचे डोळे त्यांच्यासारखे असतात.”

वडिलांनी होमाच्या चित्रांवर नेमके बोट ठेवले. बाकीच्यांत त्यांना फरक दिसला नाही. मुलाने मोठ्या चौकटीचा एक वापरलेला कॅमेरा आणि त्याला साजेसे एकच उघडे भिंग घेतले. जुना कॅमेरा विकला नाही, दिवसाउजेडीच्या कामाला ठेवला. वडिलांनी दिलेल्या रकमेतली निम्मी परत केली. शिक्षक स्नेह्यांनीही हाच हिशेब मांडला आणि काहीच घेतले नाही. ते पहाटे अर्धा तास लवकर निघू लागले, कारण त्यांचा मोठा ढीग क्षण निसटल्याचा होता.

मंडळी, एकच कसोटी, दोन माणसे, दोन निर्णय. आणि दोन्ही बरोबर. तुमच्यापैकी ज्यांच्या मनात हा विचार घोळत असेल त्यांनी आज घरी जाऊन दुकानांचे भाव पाहू नयेत, आपली फसलेली चित्रे पाहावीत. ती आपण सहसा पुसून टाकतो. यापुढे थोडी राखून ठेवा. तुमचे चित्र कोठे अडते हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी सांगणार नाही, आणि त्यांचा सल्ला फुकट आहे.