घरगुती मत्स्यालयातील गोड्या पाण्याची कोळंबी : संगोपन आणि जलरसायन

प्रस्तावना :
जपानी जलोद्यानकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी १९८० च्या दशकात शेवाळ खाणाऱ्या कोळंबीचा वनस्पतियुक्त मत्स्यालयात उपयोग केला. तेव्हापासून शोभेचा जीव म्हणून कोळंबी पाळण्याची प्रथा रूढ होत गेली. आज सर्वत्र पाळली जाणारी चेरी कोळंबी, म्हणजेच निओकॅरिडिना डेव्हिडी, ही मूळची पूर्व आशियातील होय. निसर्गात ती फिकट, तपकिरी असते. तिचा लाल रंग हे निवडक पैदाशीचे फलित आहे. सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर लांबीचा हा जीव काटक समजला जातो. तरीही अनेक घरांत तो काही आठवड्यांतच दगावतो. त्याची कारणे बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या जलरसायनात असतात. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन केले आहे.

१. पाण्याची परिपक्वता :
विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यांपैकी पहिले दोन घटक अल्प प्रमाणातही घातक ठरतात. जीवाणूंची वसाहत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे स्वच्छ दिसणारे नवे पाणी कोळंबीसाठी सुरक्षित असतेच असे नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही आधी काढून टाकावा लागतो.

२. कात टाकणे :
कवच वाढत नसल्याने कोळंबीला वाढीसाठी वेळोवेळी कात टाकावी लागते. नवे कवच टणक होण्यास पाण्यातील व अन्नातील कॅल्शियम आवश्यक असते. टाकलेली कात ती स्वतःच खाते, म्हणून ती काढू नये. एकदम बरेच पाणी बदलल्यास अवेळी कात पडून मृत्यू ओढवू शकतो. थोडे पाणी नियमितपणे बदलणे श्रेयस्कर होय.

३. तांब्याचा विरोधाभास :
कोळंबीच्या रक्तातील प्राणवायुवाहक हिमोसायनिन या प्रथिनात तांबे असते. तथापि पाण्यात विरघळलेले तांबे तिला अल्प मात्रेतही विषारी ठरते. माशांच्या रोगांवरील काही औषधांत तांबे असते. तांब्याच्या भांड्यात साठविलेले पाणीही मत्स्यालयात वापरू नये. नव्या वनस्पतींवर राहिलेले कीटकनाशकाचे अंशही तितकेच घातक असतात.

४. प्रजनन आणि जबाबदारी :
मादी साधारणतः २० ते ३० अंडी पोटाखाली बाळगते. तीन ते चार आठवड्यांनी त्यांतून प्रौढासारखीच दिसणारी पिल्ले बाहेर पडतात. अमानो कोळंबीच्या अळ्यांना मात्र मचूळ वा खारे पाणी लागते. चेरी कोळंबीला अशी अट नसल्याने तिची संख्या झपाट्याने वाढते आणि जास्तीची कोळंबी बाहेर सोडून देण्याचा मोह होतो. जर्मनी व पोलंड येथे वीजकेंद्रांच्या उष्ण पाण्याने तापलेल्या प्रवाहांत तिच्या वसाहती आढळल्या आहेत. म्हणून ती नदी-तलावांत कदापि सोडू नये.

निष्कर्ष :
कोळंबीचे संगोपन हे प्रत्यक्षात पाण्याचे संगोपन होय. नायट्रोजन चक्र, कात टाकण्याची क्रिया आणि परकीय प्रजातींचा प्रश्न हे तिन्ही विषय एका लहान काचपेटीत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतात. या दृष्टीने महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही तिचे शैक्षणिक मूल्य मोठे आहे.