हायब्रिड कार भरवशाची असते का? आधी विचारा, कोणती हायब्रिड!

२०२२ मध्ये मारुती सुझुकीने ग्रँड विटारा बाजारात आणली, तेव्हा या एकाच गाडीत दोन ‘हायब्रिड’ होते. एक ‘स्मार्ट हायब्रिड’, जिचं कंपनीने सांगितलेलं मायलेज लिटरला २१ किलोमीटरच्या आसपास होतं. दुसरी स्ट्राँग हायब्रिड, तिचं मायलेज २७.९७. गाडी तीच, शब्दही तोच, पण आतली यंत्रणा पूर्ण वेगळी आणि किमतीत लाखांचा फरक.

‘हायब्रिड घेऊ का? बॅटरी गेली तर काय?’ हा प्रश्न फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की एक म्हणतो बिनधास्त घे, दुसरा म्हणतो अजिबात नको. बऱ्याचदा दोघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलत असतात.

हायब्रिडचे प्रकार किती?

ढोबळमानाने तीन.

माइल्ड हायब्रिड : यात छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन ती झटक्यात सुरू करते. पण फक्त विजेवर ही गाडी चालत नाही. म्हणूनच केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिडला फेम योजनेच्या सवलतीतून वगळलं.

स्ट्राँग हायब्रिड : कमी वेगात ही गाडी काही अंतर फक्त बॅटरीवर धावते. चार्जरला लावावी लागत नाही. ब्रेक दाबल्यावर आणि इंजिन चालू असताना बॅटरी आपोआप चार्ज होते. टोयोटा हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी ई:एचईव्ही ही याची उदाहरणं.

प्लग-इन हायब्रिड : बॅटरी मोठी असते आणि घरी चार्ज करता येते. आधी काही किलोमीटर विजेवर, मग पेट्रोलवर. भारतात या गाड्या मोजक्याच आणि महागड्या आहेत.

कंपन्या पुन्हा हायब्रिडकडे का वळल्या?

टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली आणि तेव्हापासून हायब्रिड सोडली नाही. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने मात्र मधला टप्पा गाळून थेट इलेक्ट्रिकवर डाव लावला होता. पण इलेक्ट्रिक गाड्यांची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही. २०२४ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने प्लग-इन हायब्रिड परत आणण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फोर्डने तीन रांगांच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचा प्रकल्प रद्द केला आणि तिथे हायब्रिडला जागा दिली.

भारतात सरळ दोन गट दिसतात. टोयोटा, मारुती आणि होंडा म्हणतात, हायब्रिडमुळे इंधन आजच वाचतं, मग करात सवलत द्या. टाटा आणि महिंद्रा यांनी इलेक्ट्रिकमध्ये मोठी गुंतवणूक केली आहे. त्यांचं म्हणणं, सवलत फक्त इलेक्ट्रिकलाच हवी. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशने स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केल्यावर हा वाद आणखी तापला.

जीएसटीत इलेक्ट्रिकचं पारडं आजही जड आहे. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. आधी हाच कर सेससह ४३ टक्के होता.

या स्पर्धेचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरमध्ये सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला.

दोन यंत्रं म्हणजे दुप्पट बिघाड?

वाटतं तसं, पण आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०२३ मध्ये गाडीमालकांच्या अनुभवांवर आधारित अहवाल दिला. त्यात साध्या हायब्रिडमध्ये पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी होत्या. प्लग-इन हायब्रिडमध्ये मात्र तब्बल १४६ टक्के जास्त!

असं का? टोयोटाच्या पद्धतीत नेहमीचा क्लच, वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नसतो. म्हणजे झिजणारे काही भाग मुळातच कमी. मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने ब्रेक पॅडही जास्त टिकतात. बॅटरी कधी पूर्ण भरू दिली जात नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ दिली जात नाही, त्यामुळे तिचं आयुष्य वाढतं. शिवाय या तंत्रावर पंचवीसहून जास्त वर्षं काम झालं आहे.

प्लग-इनमध्ये मोठी बॅटरी, चार्जिंगची यंत्रणा आणि संपूर्ण पेट्रोल गाडी असं सगळं एकत्र येतं. तंत्रही तुलनेने नवं आहे.

म्हणजे साधी हायब्रिड बिघडतच नाही?

असं नाही. सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे टोयोटाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत मागवल्या होत्या. प्लग-इनचं उदाहरण यापेक्षा गंभीर आहे. २०२० मध्ये आगीच्या धोक्यामुळे फोर्डने युरोपातल्या कुगा प्लग-इनच्या मालकांना गाडी चार्जच करू नका, असं सांगितलं होतं.

घेण्याआधी काय तपासायचं?

१. ‘गाडी फक्त बॅटरीवर चालते का?’ हे थेट विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर ती माइल्ड हायब्रिड आहे. तिच्याकडून स्ट्राँगचं मायलेज मिळणार नाही.

२. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी लेखी घ्या. टोयोटा भारतात ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यापैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी देते. सेकंडहँड गाडी घेताना यातलं किती उरलंय, ते आधी बघा.

३. बॅटरी थंड ठेवणारी हवा अनेक गाड्यांमध्ये मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. तिथे बॅगा, चादरी ठेवू नका. आपल्याकडच्या धुळीत ती जाळी सर्व्हिसिंगला साफ करून घ्याच.

४. तुमचं रनिंग बघा. स्ट्राँग हायब्रिडचा खरा फायदा शहरातल्या ट्रॅफिकमध्ये होतो. सतत हायवेवर वेगात चालणाऱ्या गाडीत तो कमी होतो. आणि गाडी फक्त रविवारीच बाहेर निघत असेल, तर वर मोजलेले लाख-दोन लाख पेट्रोलच्या बचतीतून वसूल व्हायला अनेक वर्षं जातील.

थोडक्यात, भीती बॅटरीची असेल, तर स्ट्राँग हायब्रिडचा आजवरचा रेकॉर्ड चांगला आहे. फक्त तुम्ही पैसे स्ट्राँगसाठीच मोजताय ना, याची बुकिंगआधी खात्री करा.