बुरशी कशी येते व काय करते

मुलांनो, पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर, लोणच्यावर, चामड्याच्या चपलेवर पांढरी, हिरवी नाहीतर काळी लव दिसते. तिला आपण बुरशी म्हणतो. बुरशी ही घाण नव्हे, तो एक सजीव आहे. ती वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. तिच्यात हरितद्रव्य नसते. म्हणून तिला झाडासारखे स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ज्याच्यावर वाढते त्यातूनच ती अन्न शोषून घेते. पावसात उगवणारी अळंबी पण बुरशीच्याच घराण्यातली.

बुरशीला बी नसते, बीजाणू असतात. ते फार बारीक असतात व हवेत सगळीकडे असतात. ओल मिळाली की वाढतात.

आम्ही वर्गात प्रयोग केला. भाकरीचा एक तुकडा पाणी शिंपडून वाटीखाली झाकला. दुसरा उन्हात कडक वाळवून डब्यात ठेवला. चौथ्या दिवशी ओल्या तुकड्यावर कापसासारखे धागे आले. मग काळे ठिपके आले. भिंगातून ते टाचणीच्या डोक्यासारखे दिसले. त्यांत बीजाणू असतात. वाळलेल्या तुकड्याला काहीच झाले नाही. बाईंनी तुकडा हुंगू दिला नाही. बीजाणू नाकात गेले की काहींना शिंका येतात, दमा असेल तर धाप लागते. गजकर्णही बुरशीमुळेच होते.

सगळी बुरशी वाईट नसते. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत पेनिसिलीन सापडले. त्या औषधाने पुष्कळ लोक वाचले.

पण मक्यावर आणि भुईमुगावर येणारी एक पिवळट हिरवी बुरशी फार वाईट. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. त्याने यकृत बिघडते. १९७४ साली राजस्थान व गुजरातमधल्या काही आदिवासी खेड्यांत अवेळी पावसाने मका भिजला व त्याला बुरशी आली. गरीब लोकांनी तोच खाल्ला. त्यांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले. शंभरावर माणसे दगावली. कुत्रीही मेली.

माझी आजी म्हणायची, "एवढीशी बुरशी पुसून टाक, भाजलं की जातं." पण पुसले, धुतले तरी विष आत राहते. भाजून, शिजवून पण सगळे जात नाही. गुरांना घातले तर दुधात उतरते. अन्न टाकू नये हे खरे. पण असा दाणा म्हणजे अन्न नव्हेच. आता आजी दाणे निवडून घेते आणि बुरशीचे टाकून देते.

म्हणून शेंगा व मका खडखडीत वाळवूनच पोत्यात भरावा. पोती ओल्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत. दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका. एवढे घरी जाऊन नक्की सांगा.

— इयत्ता चौथी