मेटल संगीतातील शैलीपरिवर्तन : 'मेटॅलिका' या बँडच्या संदर्भात

प्रस्तावना :
हेवी मेटल हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेला रॉक संगीताचा एक प्रकार होय. या प्रकारातील एखाद्या बँडने आपली शैली बदलली, की त्याने पैशासाठी कलेशी तडजोड केली, असा आक्षेप श्रोत्यांकडून घेतला जातो. हा आक्षेप कितपत ग्राह्य आहे, याचा विचार 'मेटॅलिका' या अमेरिकन बँडच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीची शैली :
जेम्स हेटफिल्ड व लार्स उलरिक यांनी १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे हा बँड स्थापन केला. 'किल 'एम ऑल' (१९८३) या पहिल्या अल्बममध्ये अतिद्रुत लय आणि 'रिफ', म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा येणारी छोटी स्वराकृती, ही वैशिष्ट्ये ठळकपणे आढळतात. मात्र पुढच्याच वर्षीची 'फेड टू ब्लॅक' ही संथ आरंभाची रचना अनेक चाहत्यांना रुचली नाही. म्हणजेच तडजोडीचा आक्षेप बँडला मोठे व्यावसायिक यश मिळण्यापूर्वीचाच आहे.

परिवर्तनाची कारणे :
१) सदस्यांतील बदल : बेसवादक क्लिफ बर्टन यांचे १९८६ मध्ये स्वीडनमधील बस अपघातात निधन झाले. त्यांच्या जागी जेसन न्यूस्टेड आले. परंतु १९८८ च्या अल्बममध्ये बेसचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यामुळे एकूण नाद कोरडा झाला.
२) रंगमंचीय अनुभव : याच अल्बमचे शीर्षकगीत सुमारे दहा मिनिटांचे आहे. अशा गुंतागुंतीच्या दीर्घ रचना मैफलीत श्रोत्यांना थकवतात, हे वादकांच्या लक्षात आले.
३) निर्मात्याची भूमिका : १९९१ च्या अल्बमसाठी निर्माते बॉब रॉक यांनी वादकांना स्टुडिओत एकत्र वाजविण्यास प्रवृत्त केले. बेसला उठाव मिळाला. 'एंटर सँडमन' हे गीत तर मुख्यतः एकाच रिफवर उभे आहे. या अल्बमच्या केवळ अमेरिकेत १.६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

परतीचे प्रयत्न :
'सेंट अँगर' (२००३) मध्ये गिटारचे एकलवादन पूर्णतः वगळण्यात आले. 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) मध्ये एकलवादन, द्रुत लय व दीर्घ रचना परतल्या. तथापि ध्वनिमुद्रणाच्या अतितीव्र पातळीमुळे आवाज फाटतो, अशी टीका झाली. जुनी रचनापद्धती स्वीकारली, तरी जुना नाद परत आला नाही.

निष्कर्ष :
अधिक श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याची इच्छा या परिवर्तनामागे नव्हती, असे म्हणता येणार नाही. परंतु तेवढ्याच कारणाने १९८४ वा २००३ मधील बदलांचा उलगडा होत नाही. सदस्य, मैफल आणि स्टुडिओ या तिन्ही घटकांचा विचार न करता दिलेला नैतिक निवाडा म्हणूनच अपुरा ठरतो.