अ‍ॅपवरील कर्ज : विवरणपत्रात काय असते?

कर्ज कोणाचे? पैसे भरण्याच्या अ‍ॅपवर ‘नंतर भरा’ म्हणून मिळणारी उसनवार बहुधा अ‍ॅपची नसून त्यामागील बँकेची वा बिगर-बँक वित्तसंस्थेची असते. म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदती कर्जांबाबत, रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकान्वये, मुख्य तथ्यांचे विवरणपत्र ऋणकोस समजणाऱ्या भाषेत, करारापूर्वी देण्याची जबाबदारी त्याच संस्थेवर आहे.

वार्षिक टक्केवारी दर : व्याजाखेरीज प्रक्रिया शुल्क, विमा इत्यादी आकार धरून निघणारा एकूण भार. १०,००० रुपये महिनाभरासाठी, मासिक २ टक्क्यांनी, ३०० रुपये आधीच वजा करून घेतले, तर हाती ९,७०० येतात आणि परत १०,२०० जातात. म्हणजे दर, ठळक अक्षरांत छापलेला २४ नव्हे, सुमारे ६२ टक्के.

अनुल्लेखित आकार : विवरणपत्रात नसलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून वसूल करता येत नाही.

विवरणपत्राच्या नियमाला अपवाद : क्रेडिट कार्डावरील येणे बाकी.

माघार : रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक २०२५ च्या निदेशांनुसार माघारीची मुदत किमान एक दिवस; त्या अवधीत मुद्दल व वार्षिक टक्केवारी दराचा प्रमाणशीर भाग भरून दंडाविना कर्ज मिटवता येते, मात्र विवरणपत्रात नमूद असलेले वाजवी प्रक्रिया शुल्क संस्थेस ठेवून घेता येते.