चांदोबाचा फोटो

कोजागिरीची रात्र होती. मेढ्याजवळच्या एका वाडीत आम्ही काही मंडळी जमलो होतो. अंगणात चूल पेटली होती. दूध आटत होते. पावसाळा सरला होता आणि आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले होते. चंद्र डोंगराच्या वर आला आणि वेण्णा नदीचे सगळे खोरे उजळले.

त्या घरचा नातू मुंबईला नोकरी करतो. तो सणाला आला होता. त्याने खिशातून मोबाईल काढला.

"आजी, थांब. चांदोबाचा फोटो काढतो."

आजी म्हणाली, "काढ बाबा. मला आता निस्ता पांढरा गोळा दिसतोय. ल्हान हुते तवा त्यात ससा दिसायचा. तुज्या फोटूत ससा दाव मला."

नातवाने फोटो काढला. मोबाईल आजीच्या डोळ्यांपुढे धरला. काळे आकाश, आणि मधे पांढरा ठिपका! ससा नाही, काही नाही.

आजी म्हणाली, "आरं, ह्यो कसला चांदोबा? ह्यो तर यस्टीचा दिवा! मला दिसतो तसाच तुज्या मोबायलला दिसतोय. त्येलाबी मोतीबिंदू झालाय का?"

सगळे हसले. नातू मात्र ओशाळला. मोबाईलला पगारातले बरेच पैसे मोडले होते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी असा फोटो काढून पाहिला असेल. पुष्कळांना असाच ठिपका मिळाला असेल. मग असे का होते?

अंगणातल्या वाट्या

कॅमेऱ्याच्या आत एक छोटी पाटी असते. मोबाईलमधली पाटी तर बोटाच्या नखापेक्षाही लहान. त्या पाटीवर लाखो बारीक ठिपके असतात. एकेक ठिपका म्हणजे एकेक वाटी समजा. अंगणात लाखो वाट्या मांडून ठेवल्या आहेत आणि वरून पाऊस पडतो आहे. हा पाऊस पाण्याचा नाही, उजेडाचा. कोणत्या वाटीत किती उजेड पडला, हे कॅमेरा मोजतो. जिथे जास्त पडला तिथे पांढरे, जिथे कमी पडला तिथे काळे. अशा ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र तयार होते.

वाट्या किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे कॅमेरा आपल्या मनाने ठरवतो. तो सगळ्या अंगणाकडे बघतो. रात्रीचे आकाश काळे. त्याला वाटते, आज पाऊस अगदी थोडा आहे, वाट्या बराच वेळ उघड्या ठेवू. पण अंगणाच्या एका कोपऱ्यात चंद्र असतो. तिथे उजेडाची मुसळधार चाललेली असते. तिथल्या वाट्या क्षणात भरतात आणि उतू जातात.

आता सांगा, दोन वाट्या काठोकाठ भरून वाहत आहेत. एकीत दुप्पट पाणी पडले असेल, दुसरीत निम्मे. पण नुसते बघून ते कळेल का? नाही. दोन्ही भरलेल्याच. चंद्राचा उजळ भाग आणि सशाचा काळसर भाग, दोन्हीकडच्या वाट्या भरून गेल्या. म्हणून दोन्ही पांढरे आले. ससा त्या उजेडात बुडाला.

चंद्रावर भर दुपार

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे रात्र असते, पण चंद्राचा जो भाग आपल्याला उजळ दिसतो, तिथे त्या वेळी दिवस असतो. चंद्राला स्वतःचा उजेड नाही. तो दगड-मातीचा गोळा आहे. त्यावर ऊन पडते, ते आपल्याला दिसते. कोजागिरीला आपण ज्याला चांदणे म्हणतो, ते चंद्रावरून उलटून आलेले ऊनच.

आणि चंद्र दिसतो तसा दुधासारखा पांढराही नाही. त्याच्यावर शंभर भाग ऊन पडले, तर त्यातले सुमारे बाराच भाग तो परत पाठवतो. बाकीचे गिळतो. म्हणजे तो जवळजवळ डांबरी रस्त्यासारखा काळपट आहे. भोवती काळे आकाश असते म्हणून तो आपल्याला पांढरा वाटतो.

ज्याला आपण ससा म्हणतो, कोणी हरिण म्हणतात, ते डाग म्हणजे चंद्रावरची मोठमोठी मैदाने. फार पूर्वी चंद्राच्या पोटातून तापलेला रस वर आला, पसरला आणि थिजला. त्याचा काळा दगड झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही असाच तापलेला रस थिजून झालेला आहे. दोन्ही दगड एकाच जातीचे. त्याला बेसाल्ट म्हणतात. चंद्रावरचा पुष्कळ जुना, आपला त्या मानाने नवा, एवढाच फरक. मेढ्याच्या भोवतालच्या डोंगरांत पायाखाली जो कातळ येतो, त्याचाच भाऊबंद त्या सशात आहे.

मग फोटो कसा काढावा? दुपारच्या उन्हात काळ्या कातळाचा काढावा तसा! दिवसा वाट्या जेवढा थोडा वेळ उघडतो, तेवढाच वेळ चंद्रासाठी उघडायच्या. आकाश काळेच येईल, तारे दिसणार नाहीत. त्याला हरकत नाही.

मोबाईलवर हे असे करतात. पडद्यावर चंद्र आला की त्यावर बोट ठेवून दाबून धरायचे. बहुतेक मोबाईलांत तिथे सूर्याचे लहान चिन्ह उमटते. ते बोटाने खाली ओढायचे. चित्र काळोखे होत जाते. चंद्राच्या कडा नीट दिसू लागल्या की थांबायचे. त्याआधी मोबाईलचे भिंग मऊ फडक्याने पुसावे. भिंगावर तेलकट बोटांचे ठसे असतात, त्याने चंद्राभोवती धुरकट खळे येते. भाकरी करता करता फोटो काढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

वाटाण्याएवढा चंद्र

नातवाने तिथल्या तिथे तसे करून पाहिले. आता ठिपक्याची कड गोल आली. पण चंद्र फारच लहान! आजीला त्यात काय दिसणार?

डोंगरावर उगवताना चंद्र परातीएवढा दिसतो. तो आपल्या मनाचा खेळ आहे. एक वाटाणा घ्या. हात लांब करून तो दोन बोटांत धरा. एक डोळा मिटा. तो वाटाणा सबंध चंद्राला झाकतो. चंद्र उगवताना करून बघा, डोक्यावर आल्यावर करून बघा. दोन्ही वेळी तेवढाच. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. एवढ्या लांबून तो वाटाण्याएवढाच दिसणार.

मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटे फाकवली की चित्र मोठे होते. पण भाकरी थापली म्हणजे मोठी होते, पीठ काही वाढत नाही. तसेच हे. चित्र ताणले जाते, त्यात नवे काही येत नाही. खरेच मोठा चंद्र हवा असेल तर लांब नळीचे भिंग पाहिजे. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे असा कॅमेरा असतो. त्यांच्या भिंगावर आकडा असतो. २०० आकड्याच्या भिंगाने पाटीवर दोन मिलीमीटरपेक्षाही थोडा लहान चंद्र पडतो. ६०० च्या भिंगाने साडेपाच मिलीमीटरचा. पाटी असते साधारण २२ ते ३६ मिलीमीटर रुंद. म्हणून भिंग जितके लांब तितके बरे.

साधी दोन डोळ्यांची दुर्बीण असली तरी चालते. दुर्बिणीच्या एका डोळ्याला मोबाईलचे भिंग लावून फोटो घेता येतो. हात थरथरतो, म्हणून दुर्बीण कशाला तरी बांधून घ्यावी. मात्र दुर्बीण किंवा कॅमेरा सूर्याकडे लावून त्यातून कधीही बघू नये. क्षणात डोळा जातो. मुलांच्या हाती दुर्बीण देताना हे बजावून सांगावे.

आता कॅमेऱ्याचे आकडे. वरची चकती 'एम' या अक्षरावर आणावी, म्हणजे कॅमेरा आपल्या मनाने काही करत नाही. आयएसओ १०० ठेवावा. भिंगाचे भोक एफ ८ वर ठेवावे. पौर्णिमेला झडप सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरती उघडावी. अष्टमीला ऊन तिरपे पडते, चंद्र मंद असतो. तेव्हा शंभराव्या भागापर्यंत जावे. पहिला फोटो पांढरा आला तर वेळ आणखी कमी करावा, काळा आला तर वाढवावा. पाच-सात फोटो फुकट गेले तरी काय बिघडते? पूर्वीसारखा रोल संपत नाही.

कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवावा. स्टँड नसेल तर गडग्यावर तांदळाची पिशवी ठेवावी आणि तिच्यावर कॅमेरा टेकवावा. बटण दाबताना धक्का बसतो. म्हणून दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय लावून हात काढून घ्यावा. चंद्र आकाशात सरकत असतो. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. कॅमेरा लावून तंबाखू मळत बसलात, तर चंद्र चौकटीबाहेर गेलेला असेल.

अष्टमीचा चंद्र बरा

पुष्कळांना वाटते, फोटोला पौर्णिमाच चांगली. सशाचा फोटो हवा असेल तर ते खरे. पण चंद्रावरचे डोंगर आणि खड्डे बघायचे असतील, तर शुद्ध अष्टमी ते एकादशी हे दिवस बरे.

याचे कारण शेतकऱ्याला सांगायला नको. नांगरलेले रान भर दुपारी बघा, सपाट वाटते. तेच सकाळी किंवा दिवस कलताना बघा. एकेक तास स्पष्ट दिसते, कारण प्रत्येकाची सावली पडलेली असते. पौर्णिमेला आपल्या बाजूने चंद्रावर सरळ ऊन पडलेले असते. सावल्या दिसत नाहीत. अष्टमीला चंद्राच्या मधोमध उजेड-अंधाराची शीव असते. त्या शिवेवर नुकती सकाळ होत असते. तिथे खड्ड्यांच्या काठांच्या लांब सावल्या पडतात. शुद्ध पक्षात हा चंद्र संध्याकाळीच वर असतो, जागरण करावे लागत नाही.

दशमीच्या सुमारास त्या शिवेजवळ कोपर्निकस नावाचा एक खड्डा दिसतो. आकाशातून मोठा दगड आदळून तो झाला. तो ९३ किलोमीटर रुंद आहे.

पुण्यातल्या एका १६ वर्षांच्या मुलाने मे २०२१ मध्ये अर्ध्या चंद्राचा फोटो केला, तो देशभर गाजला. त्याने एक फोटो काढला नाही, पन्नास हजारांहून जास्त काढले! तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते, पलीकडचे झाड हलताना दिसते. रात्रीही आकाशातली हवा थोडी थरथरत असते, त्यामुळे चंद्र पुसट येतो. म्हणून पुष्कळ फोटो घ्यायचे, त्यांतले स्थिर निवडायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे. गहू पाखडून घेण्यासारखेच हे काम. ज्यांना यात गोडी वाटेल त्यांनी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे नाव लक्षात ठेवावे. ही संस्था १९४४ साली निघाली. हौशी लोकांना आकाश बघायला शिकवणे हेच तिचे काम.

यंत्राने काढलेला की यंत्राने रंगवलेला?

एक सावधगिरीची गोष्ट. काही नव्या मोबाईलांना चंद्र ओळखता येतो. पूर्वी हजारो चित्रे दाखवून तशी शिकवण त्यांना दिलेली असते. समोर चंद्र आहे असे वाटले, की ते चित्र सुधारतात. २०२३ साली परदेशात एकाने याची परीक्षा घेतली. चंद्राचे चित्र त्याने मुद्दाम पुसट केले. इतके, की त्यात एकही खड्डा उरला नाही. ते संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीत अंधार केला आणि लांबून सॅमसंगच्या मोबाईलने त्याचा फोटो घेतला. फोटोत खड्डे आले! जे समोर नव्हते तेही आले. चंद्र ओळखून त्याचे बारकावे स्पष्ट करण्याची सोय मोबाईलमध्ये आहे, असे मग कंपनीनेही सांगितले.

अशी सोय बहुधा बंद करता येते. ज्याला सुंदर चित्र हवे त्याने ती चालू ठेवावी, आमची तक्रार नाही. पण आजीने विचारला तसा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर खरे द्यावे.

आजीची परीक्षा

मोबाईलचे भिंग फडक्याने पुसता येते. आजीच्या डोळ्यातले भिंग धुरकट झाले होते, ते पुसता येत नाही. कोजागिरीच्या थट्टेवरून घरात खरा विषय निघाला. आजीला साताऱ्याला नेले. मोतीबिंदूच होता. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. जुने भिंग काढून डॉक्टरांनी नवे बसवले.

मार्गशीर्षातल्या शुद्ध एकादशीला नातू पुन्हा आला. मेढ्याच्या फोटोवाल्याकडून त्याने कॅमेरा मागून आणला होता. गडग्यावर तांदळाची पिशवी ठेवली. पहिले चार फोटो वाया गेले. पाचवा बरा आला. तो त्याने घरातल्या टीव्हीवर लावला. परातीएवढा चंद्र, काळे डाग, काठाशी खड्डे.

आजीने बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "ह्यो आपला आजचाच हाय न्हवं? का मोबायलनं रंगीवल्याला?"

"आजचाच आहे, आजी. या कॅमेऱ्याला रंगवता येत नाही."

आजी उठली. काठी टेकत अंगणात गेली. कपाळावर हात धरून तिने वर बघितले. परत आत आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. पुन्हा बाहेर गेली. असे तिने दोनदा केले.

"व्हय रं. हितलं कान आन् वरचं कान सारकंच हायती." मग काठीने टीव्हीकडे दाखवून तिने विचारले, "ह्यो गोल खड्डा केवढा म्हनायचा?"

"तो कोपर्निकस. साताऱ्याहून सरळ रेघेत पुण्याला जावं, तेवढा रुंद."

"म्हंजी सगळं मेढं त्यात बसंल?"

"मेढं काय, सगळी जावळी बसंल."

आजी जरा विचारात पडली. मग म्हणाली, "मग तितं पानी न्हाई, ते बरंच हाय. न्हाईतर तितंबी धरान बांदलं असतं."