घराचं कापड हवामान बघून

भाद्रपद सरत आला की पारनेर तालुक्यात गोधड्या बाहेर निघतात. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन झालं पाहिजे, हा इथला दंडक. विहिरीच्या कडेला, ओढ्यावर, शेततळ्याजवळ बायका जमतात. साबणाच्या पाण्यात गोधडी पायांनी तुडवायची, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची आणि तापलेल्या खडकावर पसरायची.

या धुण्याचा मुहूर्त पंचांगाइतकाच पाण्यानेही ठरवलेला आहे. नगर-पुणे रस्त्यावरचं सुपा पर्जन्यछायेत येतं. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. वर्षातून एकदाच पाणी हात सैल सोडून वापरता येतं, ते नेमकं नवरात्राच्या तोंडावर. पाठोपाठ ऑक्टोबरचं ऊन येतं. सात-आठ थरांच्या ओल्या गोधडीला तेच लागतं, नाहीतर आतला थर दमट राहून कुबट वास धरतो.

आता औद्योगिक वसाहतीमुळे सुप्यात भाड्याच्या खोल्या आणि फ्लॅट वाढले, आणि दिवाळी जवळ आली की घराला नवं रूप देण्याचे सल्ले मोबाइलवर येऊ लागतात. यंदा अमुक रंगाच्या उशा, तमुक पोताचे पडदे. मला हे सल्ले फारसे पटत नाहीत. सुप्यात घराचं कापड बदलायचं ते धूळ, ओल आणि ऊन-थंडी बघून, रंग त्यानंतर.

सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. इथे वाराच तसा आहे. उघड्या माळांची माती आणि हमरस्त्याची धूळ तोच वारा घरात आणतो. म्हणून मखमली किंवा जाड भरतकामाचा पडदा इथे चैनीचा ठरतो. तो धूळ पकडतो आणि घरी धुता येत नाही. त्यापेक्षा साधा सुती पडदा लावावा आणि महिना-दीड महिन्यात काढून धुवावा. पश्चिमेच्या खिडकीला मागून पांढऱ्या मांजरपाटाचं अस्तर जोडलं, तर काचेतून आलेल्या उन्हाचा काही भाग परत फिरतो. मात्र काचेच्या आत आलेली उष्णता कोणताही पडदा पूर्णपणे परतवू शकत नाही. उन्हाळ्यात खिडकीबाहेर ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा टांगायची जुनी पद्धत म्हणूनच जास्त उपयोगी.

पडद्याचं कापड विकत आणायलाच हवं असंही नाही. कपाटातली न नेसली जाणारी सुती सहावारी काढा. साडेपाच मीटर लांब आणि साधारण ४५ इंच रुंद. पाच फुटी पडद्याला दुमडीसकट साडेपाच फूट कापड धरलं, तर एका साडीत असे तीन तुकडे निघतात. चार फुटी खिडकीला दोन तुकडे लावले की चुण्या भरपूर पडतात. तिसऱ्यातून सोळा इंची उशांचे तीन अभ्रे होतात. काठ पडद्याच्या खालच्या बाजूला आणायचा मोह होतो, पण काठ साडीच्या लांबीला असतो, तेव्हा तो पडद्याच्या कडेलाच उभा राहणार. तसाही छान दिसतो.

पांघरुणाच्या बाबतीत हा भाग मुळातच श्रीमंत आहे. गोधडी ऊब देते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. वरचा टाका हे थर जागेवर धरून ठेवतो. ती कॉटवर घडी उलगडून टाकली तर कोणत्याही विकतच्या बेडकव्हरइतकी देखणी दिसते, आणि शहरातल्या दुकानांत तसल्याच गोधड्यांना आता चांगला भाव येतो. सुती अंगाची, जाड विणीची सोलापुरी चादर मधल्या ऋतूची: पंखा चालू आहे, पण पहाटे अंगावर काहीतरी लागतं, अशा दिवसांची. कडाक्याच्या थंडीला घोंगडी. पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी हे मेंढपाळ धनगरांचं मोठं गाव. इथल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचणारी. स्वेटरसाठी कुचकामी, पण घोंगडीसाठी तीच हवी. सूत कातून हातमागावर विणायचं आणि चिंचोक्याची खळ लावून कडक करायचं, अशी ही रीत. लोकर हवेतली बरीच ओल शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून फरशीवर झोपणाऱ्याने घोंगडी खाली अंथरावी आणि तिच्यावर गादी टाकावी. ॲक्रिलिकच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीची मागणी खाल्ली आणि पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर मातीमोल झाली. एखादी घोंगडी दिवाणावर किंवा झोपाळ्यावर टाकायला घेतली तरी तो पैसा जवळच्याच हातात जाईल.

पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांना यातलं बरंच लागू होत नाही. त्यांचा त्रास डोक्यावरचा आहे. पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून जुन्या पांढऱ्या चादरीचं छत ताणून बांधलं, तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. गॅसच्या शेगडीवर मात्र ते येता कामा नये.

आणि गादी. चादर नवी आणि खाली गोळे झालेला कापूस, हे दृश्य घरोघरी दिसतं. कापसाची गादी दोन-तीन वर्षांनी उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरावी लागते. पूर्वी पिंजारी कमान घेऊन दारात यायचा. आता गावोगावच्या गादी कारखान्यांत हे काम यंत्रावर होतं. खोळ तेवढी नवी घ्यायची, कापूस आपलाच. फोमच्या गादीला ही सोय नाही. ती बसली की टाकूनच द्यावी लागते.

दिवाळीच्या आठवड्यात गादीवाल्याला बोलायला फुरसत नसते. कापूस पिंजून हवा असेल तर गोधड्या धुऊन झाल्या की लगेच गादी त्याच्याकडे टाका.